देव परिपूर्ण, मग माणूस अर्धवट कसा?

कृष्णाकाठचा: देवात खोट नाही, हे घटकाभर मान्य करू. मग त्याच्या हातची वस्तू अशी कशी निघाली? मिरजेचा कारागीर जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, नीट लागल्याशिवाय तंबोरा गिऱ्हाइकाला देत नाही. देवानं मात्र राग, लोभ, मुतखडा सगळं ठेवून आपल्याला खाली धाडलं.

माहुलीकर: तंबोरा चांगलाच दिलाय. तुम्ही खुंट्या पिरगळून बेसूर केलात, तर कारागिराच्या नावानं शिमगा कशाला? माणसाला मोकळीक दिली म्हणून तो चुकतो.

कृष्णाकाठचा: अहो दादा, कारागीर भोपळा विकत आणतो, लाकूडही. किडका निघाला तर त्याचा काय दोष? देवानं भोपळाही स्वतःच केला, आणि खुंटी पिरगळणारा हातही.

गणपती पेठ: जे घडवलं ते घडवणाऱ्याहून कमीच असणार की. देवानं आपल्याइतकाच पूर्ण कुणी केला असता तर तो दुसरा देव झाला असता, माणूस कुठं उरला? अपुरेपणा म्हणजे खोट नव्हे.

कोयनेची लेक: कबूल. म्हशीला उडता येत नाही, हा अपुरेपणा. बाळ काळजाला भोक घेऊन जन्मतं, ही खोट. त्यानं कुठली मोकळीक वापरली? आमच्या पाटण तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, तेव्हा माणसं अंथरुणात होती.

माहुलीकर: ताई, तो कोयना धरणात साठलेल्या पाण्यामुळं झाला असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. धरण माणसाचं.

कोयनेची लेक: पाणी निमित्त झालं. खालचा खडक आधीच ताणलेला होता. तो कुणी ताणला?

गणपती पेठ: वेदांताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रात (२.१.३४), हाच आक्षेप घेतलाय. उत्तर असं, की देव पक्षपाती नाही, निर्दयही नाही. तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणं देतो. आणि कर्म अनादि आहे, त्याला सुरुवातच नाही.

कृष्णाकाठचा: अनादि म्हटल्यानं प्रश्न सुटत नाही, नुसता मागं सरकतो. कर्म बघूनच द्यायचं तर देवाचे हात बांधलेले. त्यापेक्षा सांख्य दर्शनाचा ग्रंथ, सांख्यकारिका, सरळ आहे. जग प्रकृतीतून, म्हणजे मूळ जड तत्त्वातून घडतं, घडवणारा ईश्वर मधे येतच नाही.

माहुलीकर: मग सांगलीच्या गणपतीपुढं रांगेत उभे राहता ते कशाला?

कृष्णाकाठचा: राहतो की! देव आहे, हे मला पटतं. सर्वशक्तिमान आणि वर निर्दोषही, हे दोन्ही एकदम पटत नाही. मी सर्वशक्तिमान सोडून दिलं.

गणपती पेठ: ज्याच्या हातात सगळं नाही, त्याच्यापुढं नारळ फोडून मागता तरी काय? ते सांगा, मग पुढं बोलू.