कुत्री लांब शिट्टीवर थांबत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये श्रॉपशरला राहतो. आमची कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री १४ महिन्यांची आहे, पुढच्या हंगामात तिला फेझंट या पक्ष्यांच्या शिकारीवर न्यायचंय. शिट्टी एक्मे कंपनीची, २१०.५ नंबरची. या नंबरच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर एकच असतो, त्यामुळे हरवली तरी नवीन घेता येते.

तुटक तुटक वाजवली की कुठूनही धावत येते. अडतंय ते एका लांब शिट्टीवर. ती ऐकली की तिने जागच्या जागी बसून माझ्याकडे बघायला हवं. जेवणाच्या वाडग्यापुढे बसते, मोकळ्या मैदानात २०-२५ पावलांवरही बसते. पण झुडपात पक्ष्याचा वास लागला की शेपूट गरगर फिरायला लागते, कान जरासा हलतो, म्हणजे ऐकू नक्की येतं, पण नाक काही वर येत नाही.

काल मी तीनदा वाजवली. रात्रभर वाटत राहिलं, पहिली शिट्टी सोडून दिली तरी चालतं हे मीच तिला शिकवतोय.

लांब दोरी बांधून पुन्हा जवळून सुरुवात करू का? की आधी डमी (पक्ष्याऐवजी सरावासाठी फेकायची वस्तू) फेकून, धावता धावता थांबवायची सवय लावू? शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) अजिबात वापरायचा नाहीये. कुणी स्पॅनियल तयार केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.