इंग्रजी-स्पॅनिश: 'इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी'ला काय लिहायचं?

प्रश्न (अथणी): कोल्हापुरी चपलांचं माहितीपत्रक स्पेनला जाणार आहे. 'प्रोपिएदाद इंतेलेक्तुआल' चालेल का? आणि जीआयला (भौगोलिक मानांकनाला) काय म्हणतात?

उत्तर (बेळगाव): थेट नको. स्पेनच्या कायद्यात तो शब्द मुख्यतः कॉपीराइटसाठी आहे. पेटंट, ट्रेडमार्क 'प्रोपिएदाद इंदुस्त्रिआल'मध्ये मोडतात. दोन्ही हवं तर दोन्ही लिहा.

उत्तर (निपाणी): जीआय म्हणजे 'इंदिकासिओन हेओग्राफिका'. 'देनोमिनासिओन दे ओरिहेन' (मूळस्थानाचं नाव) लिहू नका ताई, त्याच्या अटी जास्त कडक. 'मार्का'ही नको, तो ट्रेडमार्क, एका मालकाचा! आपला जीआय आठ जिल्ह्यांचा: चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले, बेळगाव धरून.

उत्तर (बेळगाव): बरोबर. आणि तुमच्या ब्रँडची स्पेनमध्ये नोंदणी नसेल तर 'मार्का रेहिस्त्रादा' (नोंदणीकृत ट्रेडमार्क) छापू नका. ग्राहकाची दिशाभूल ठरते. नुसतं 'मार्का' पुरे.