बाबांच्या १४० सीडी भंगारात द्यायच्या का? आवाजात खरंच फरक असतो?

नौपाडेकर:
आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर घोडबंदर रोडला भाड्याच्या वन बीएचकेत जायचंय, किमान तीन वर्षं. माळा रिकामा केला तर बाबांच्या १४० सीडी आणि दोन खोके कॅसेटी निघाल्या, बहुतेक शास्त्रीय. मुलगा म्हणतो, "सगळं फोनवर आहे, कशाला वाहायचं?" बायको काही बोलत नाही, पण भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटलाय.

मलाही पटलं असतं. पण परवा रात्री जुन्या प्लेअरवर एका मैफलीची सीडी लावली. सुरुवातीला नुसता तानपुरा, पलीकडच्या खोलीत कुणी जुळवत बसल्यासारखा. मग तीच मैफल फोनवर डाउनलोड करून ऐकली, तर तानपुरा गवयाच्या मांडीला मांडी लावून! हे मनाचे खेळ आहेत का? वय ५४, कान तयार वगैरे नाही.

ता. क. पूर्वी एका ऑनलाइन दुकानातून पैसे मोजून गाणी घेतली होती. दुकान बंद पडलं, फोन बदलला, फायली आहेत पण उघडत नाहीत. त्यामुळे डाउनलोडवर माझा जरा रागच आहे, हे आधी सांगून टाकतो.

ठेकेदार_तीनताल:
काका, फोनवर म्हणजे नेमकं कशावर ऐकलंत?

नौपाडेकर:
मुलाचा ब्लूटूथ स्पीकर. डब्याएवढा.

ठेकेदार_तीनताल:
मग तुलना बाद. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनल. म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. १२८ किलोबिटची एमपीथ्री म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा, आणि ब्लूटूथ तिला वाटेत आणखी एकदा पिळतं. १२८ ला साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचं उडतं, पण पन्नाशीनंतर ते ऐकू येतंय कुणाला! तुम्ही तबला ऐका. किनारीवरचा 'ना' कडक यायला हवा. वाईट फायलीत तो पडायच्या आधीच किंचित फस्स होतो.

३२० किलोबिटच्या एमपीथ्रीला मात्र मी स्वतः तोंडावर पडलोय. वायरचे हेडफोन लावून बहिणीला मागे बसवलं, सीडी की फाइल ते तिने बदलत राहायचं. दहापैकी सहा बरोबर. छापा-काटा केला असता तरी एवढेच आले असते.

तुमचा तानपुरा पुढे सरकला तो बहुधा एमपीथ्रीमुळे नाहीच. नवी आवृत्ती काढताना हळू आवाज वर उचलतात, मोठे दाबतात, म्हणजे रिक्षातसुद्धा सगळं ऐकू जावं. त्यात लांबचं-जवळचं सपाट होतं. जुनी सीडी असेल तर ती जपा, फॉरमॅटसाठी नाही, त्या जुन्या मास्टरसाठी, म्हणजे जिच्यावरून सीडी काढली त्या मूळ प्रतीसाठी.

एलपीप्रेमी:
एलपी घ्या. बाकी सगळं प्लास्टिक.

ठेकेदार_तीनताल:
एलपी काय सागवानी असते का दादा?

नेरुळची_माई:
सीडींचं हे लोक बघतील, मी कॅसेटींचं सांगते. आमच्याकडे खाडीची दमट हवा, तुमच्याकडेही तेच. खिडकीशी धरून बघा, फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही. दुसरं म्हणजे फितीच्या मागे पितळी पट्टीवर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो. तो गळून पडला की आवाज घोगरा येतो आणि आपण गायकाला दोष देतो. पंधरा वर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून मगच लावायची.

नौपाडेकर:
सगळ्यांचे आभार. रविवारी वायर लावून बसलो, आवाज दोन्हीकडे सारखा ठेवून. पाच सीडींपैकी चारांत मला काडीचाही फरक कळला नाही, कबूल. पाचवी तीच मैफल. मुलाला न सांगता ऐकवली, तर म्हणाला, "फोनवाल्यात टाळ्यांच्या मध्येच तुटतंय." खरंच, विलंबित संपून द्रुत सुरू होताना फाइल क्षणभर गप्प होते, सीडी होत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि आतला कागद! तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुऱ्यावर कोण, सगळं छापलेलं. फोनवर फक्त गवयाचं नाव. एका कागदावर बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय : "१७ व्या मिनिटाला बघ." लावून बघितलं. तिथे कुणीतरी खोकतं. आता तो खोकणारा बाबाच होता की काय, हे विचारायला कुणी नाही.

तर ठरलंय असं : सीडी फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळता आकार लहान करणारी फाइल) उतरवायच्या. तासाभराच्या सीडीचे सव्वातीनशे एमबी धरले तरी सगळ्या मिळून पन्नास जीबीच्या आत. मूळ सीडी गादीखालच्या बॉक्समध्ये, बायकोने तेवढी जागा मंजूर केलीय. आतापर्यंत २२ झाल्या. तेविसावीवर ओरखडा आहे, कॉम्प्युटर दुपारपासून तिसऱ्या ट्रॅकवर घासतोय.

माई, कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झालाय, गाणं पोहल्यासारखं येतं. ठाण्यात स्टेशनच्या आसपास अजून कुणी बदलून देतं का?