मदत हवी आहे: आल्टगेल्डला 'राज्यपाल' म्हणू की 'गव्हर्नर'?

नमस्कार मंडळी. १ मेच्या आमच्या भित्तिपत्रकासाठी जॉन पीटर आल्टगेल्डवर छोटा लेख लिहितोय आणि दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे.

माणूस मोठा अफाट! १८४७ मध्ये जर्मनीत जन्म, तान्हा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत. सोळाव्या वर्षी ओहायोच्या पलटणीत भरती होऊन यादवी युद्धात गेला, तिथे तापाने मरता मरता वाचला. पुढे वकील, शिकागोत न्यायाधीश आणि १८९३ ते १८९७ इलिनॉय राज्याचा गव्हर्नर. १८८६ मध्ये शिकागोत कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला, त्यावरून कामगार चळवळीतल्या लोकांवर चाललेल्या हेमार्केट खटल्यातले चौघे १८८७ मध्येच फासावर गेले होते. उरलेल्या तिघांना त्याने १८९३ मध्ये सोडलं, तेही खटलाच अन्यायाने चालवला गेला असं लेखी सांगून. पुढची निवडणूक हरला.

तर, 'राज्यपाल' लिहिलं की आपल्याकडे नेमलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. हा तर निवडून आलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. 'गव्हर्नर'च ठेवू का? आणि 'माफी' म्हटलं तर त्या तिघांचा गुन्हा होताच असं वाटतं. 'शिक्षामाफी' जरा सरकारी वाटतो. कुणाला बरा शब्द सुचतोय का? अंक रविवारी लावायचाय.