पीएम २.५ ७५ असेल तर एक्यूआय किती?

सदाशिव_पेठ_अभ्यासिका: समजा शिवाजीनगरला पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) २४ तासांची सरासरी घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅम आहे. मग एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) ७५ का म्हणायचा नाही? आठही प्रदूषकांची सरासरी काढतात का?

कर्वेनगर_राज्यसेवा: सरासरी अजिबात नाही. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक वेगळा काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तोच एक्यूआय. पीएम २.५ साठी ६१ ते ९० हा पट्टा निर्देशांकावर १०१ ते २०० असा बसतो, म्हणजे 'मध्यम'. ७५ साधारण मधोमध येतो, म्हणून उत्तर १५० च्या आसपास. किमान तीन प्रदूषकांची माहिती लागते आणि त्यात पीएम २.५ किंवा पीएम १० हवाच. कार्बन मोनॉक्साइड व ओझोनला ८ तासांची सरासरी, बाकीच्यांना २४. मुलं हमखास चुकतात ते आठ प्रदूषकांच्या यादीत: अमोनिया आणि शिसं आहे, कार्बन डायऑक्साइड नाही!

पाषाण_पर्यावरण: वरचं बरोबर. संस्थांची गल्लतही टाळा. राष्ट्रीय एक्यूआय (२०१५) केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, पर्यावरण मंत्रालयाखाली. 'सफर' ही हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी यंत्रणा मात्र आपल्या पाषाणच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची), पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली. आणि मानकं एकत्र पाठ करा: पीएम २.५ साठी भारताचं वार्षिक ४०, २४ तासांचं ६०. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५ आणि १५.

सदाशिव_पेठ_अभ्यासिका: म्हणजे ६० ला निर्देशांक १००, तिथेच 'समाधानकारक' संपतं. आता पट्टे लक्षात राहतील. आभार.