पाणी वाचवले की पालिकेचे उत्पन्न घटते, हे मुंबईला कितपत लागू पडते?

मुलुंडचा सचिव (प्रश्न)

नमस्कार. आमची मुलुंडमधील चाळीस सदनिकांची जुनी सोसायटी असून गेली तीन वर्षे सचिवपदाची माळ माझ्या गळ्यात आहे. मागील वर्षी आम्ही पाणीबचत मनावर घेतली. गच्चीवरील टाकीचा बॉलकॉक अडकून बसल्यामुळे पहाटे टाकी भरून वाहायची आणि मागील भिंतीला बारमाही शेवाळ असायचे; तो बदलला. प्लंबरला घरोघर पाठवून फ्लशच्या टाक्यांची गळती बंद केली आणि स्वयंपाकघरातील नळांना फवाऱ्याच्या जाळ्या बसवल्या. जलमापकाच्या नोंदींप्रमाणे आमचा महिन्याचा वापर सुमारे सहा लाख लिटरवरून चार लाख ऐंशी हजार लिटरवर आला.

वार्षिक सभेत मी हे अभिमानाने सांगितले आणि तोंडावर पडलो. जून २०२२ पासून लागू झालेला घरगुती दर हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे आहे. त्यावर ७० टक्के मलनिःसारण आकार धरला तरी आमची महिन्याची बचत १,२९७ रुपये भरते, म्हणजे घरटी ३२ रुपये. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी उठून विचारले की, सगळ्या मुंबईने असाच पाचवा हिस्सा वाचवला तर पालिकेचे पाण्याचे उत्पन्नही पाचव्या हिश्शाने बुडेल, धरणे, जलवाहिन्या आणि पगार यांवरील खर्च मात्र तेवढाच राहील, मग ती तूट दरवाढ करूनच भरून काढली जाईल आणि ज्याने वाचवले त्यालाच भुर्दंड बसेल, हे खरे की नाही? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की हा आक्षेप कितपत बरोबर आहे आणि त्यावर काही तोड आहे का.

जमाखर्च

सचिव महोदय, आपल्या सभासदांचा हिशेब चुकीचा नाही, फक्त तो ज्या शहराचा आहे ते शहर मुंबई नाही. मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लेखा शाखेत बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पाणीपुरवठ्याचा बहुतेक खर्च पाणी किती विकले यावर अवलंबून नसतो. कर्जाचे हप्ते, कर्मचाऱ्यांचे पगार आणि जलवाहिन्यांची देखभाल हे सारे नळ उघडला तरी आहे आणि बंद ठेवला तरी आहे. वापराबरोबर कमीजास्त होते ती पंपांची वीज, तुरटी, क्लोरीन आणि विकत घेतलेल्या कच्च्या पाण्याची किंमत. उत्पन्न मात्र जवळजवळ पूर्णपणे मापावर मिळते. खर्च स्थिर आणि उत्पन्न अस्थिर, ही या व्यवसायाची जन्मखूण आहे.

तिचा चटका केपटाउनला बसला. लागोपाठ तीन वर्षे पाऊस कमी झाल्यावर तेथील लोकांनी दिवसाचा वापर सुमारे १२० कोटी लिटरवरून २०१८ च्या सुरुवातीस ५० कोटींच्या आसपास आणला. शहर वाचले, पण जे पाणी विकलेच गेले नाही त्याचे पैसे कोठून यायचे? त्या वर्षीच्या जुलैपासून नगरपालिकेने जलवाहिनीच्या व्यासानुसार दरमहा ठरावीक आकार लावला आणि ज्या नागरिकांनी बादलीने आंघोळ करून शहर तगवले होते ते संतापले. कॅलिफोर्नियात २००८ पासून काही खासगी पाणी कंपन्यांना अशी मुभा होती की, नियामकाने ठरवून दिलेल्या उत्पन्नापेक्षा वसुली कमी झाली तर फरक पुढे अधिभार लावून वसूल करावा आणि जास्त झाली तर ग्राहकाला परत द्यावा. कंपनीने पाणी वाचवण्याच्या आड येऊ नये हा हेतू होता, पण आपल्या सभासदांची तक्रार तेथील ग्राहकांनीही शब्दशः केली.

आता मुंबई. येथे सात धरणांतून दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येते आणि मागणी त्याहून बरीच जास्त आहे. आपली सोसायटी रोज चार हजार लिटर कमी घेऊ लागली म्हणून भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातून तेवढे पाणी कमी सुटत नाही. ते जलवाहिनीत राहते आणि पुढे कोणाच्या तरी टाकीत पडते, बहुधा जेथे चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवूनही धार करंगळीएवढी येते त्या शेवटच्या टोकाला. तेथे मापक असेल तर पालिकेला तोच पैसा दुसऱ्या खिशातून मिळतो. ज्या दुकानात माल उतरण्याआधीच गिऱ्हाईकांची रांग असते, तेथे एका गिऱ्हाइकाने दोन किलो कमी घेतल्याने दुकानदाराचे काय बिघडणार?

आपल्या सभासदांचे म्हणणे येथे खरे ठरते ते पाणीकपातीच्या दिवसांत. ५ जून २०२४ पासून दहा टक्के कपात झाली तेव्हा विकायचा मालच कमी झाला आणि खर्च तसाच राहिला. म्हणजे मुंबईत उत्पन्न बुडवते ती सक्तीची कपात. आपण स्वतःहून केलेली बचत तिच्या पंगतीला बसवू नये.

भायखळ्याची चाळ

जमाखर्च यांचे विवेचन चोख आहे, पण ‘तेथे मापक असेल तर’ हे चार शब्द त्यांनी फार सहज ओलांडले. शहरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाण्याचे बिलच होत नाही. गळती, चोरी आणि बंद पडलेले मापक ही त्याची कारणे. एक तृतीयांश म्हणजे दिवसाला १,३०० दशलक्ष लिटर. नियोजित गारगाई धरणातून मिळायचे आहे ४४० आणि मनोरीच्या खारे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा आहे २०० दशलक्ष लिटरचा. मुलुंडच्या सचिवांनी प्लंबर पाठवून वाचवलेल्या पाण्याचाही तिसरा हिस्सा बिलाविनाच जात असणार.

मग गळती का थांबत नाही, याचे उत्तर मला सचिवांच्या ३२ रुपयांतच दिसते. समजा, दिवसाला १०० दशलक्ष लिटर गळती बंद करून ते पाणी घरगुती दराने विकले. रोजचे ६ लाख ३६ हजार आणि वर्षाचे सुमारे २३ कोटी रुपये होतात. मलनिःसारण आकार धरला तर चाळीसच्या आत. त्यासाठी रस्ते खणायचे, वाहतूक वळवायची, शंभरी गाठलेल्या वाहिन्या बदलायच्या आणि रस्ता पुन्हा करून द्यायचा. जमाखर्चाच्या वहीत गळतीची दुरुस्ती घाट्याचा सौदा दिसतो, कारण वाचलेल्या पाण्याची किंमत आपण साडेसहा रुपये धरतो. तेच पाणी समुद्रातून काढायला किती पडेल, त्या भावाने मोजले तर वही उलटी बोलू लागेल.

स्वस्त पाणी गरिबांसाठी असते, असेही कोणी म्हणू नये. झोपडपट्टीचा अधिकृत दर हजार लिटरला ४ रुपये ७६ पैसे आहे, पण तो नळजोडणी असलेल्यांना. ज्यांना जोडणी नाही ते कॅनने पाणी घेतात आणि एका कॅनला जे मोजतात त्यात आमच्या चाळीत हजारो लिटर येते. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले ते योग्यच होते. जोडणी दिली की माणसाला पाणी मिळते आणि खात्याला बिल लावता येते.

मुलुंडचा सचिव

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. बचतीने पालिकेचे काहीच बिघडत नसेल, तर ‘दरवाढ अटळ आहे’ असे दरवर्षी का ऐकू येते?

सांडपाणीवाली

यावर मला थोडे सांगता येईल, कारण व्यापारी संकुलांमधील सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा उभारणे हेच माझे काम आहे. वरच्या चर्चेत सर्व लिटर सारखे धरले गेले आहेत आणि नेमके तेथेच गणित चुकते. २०२२ च्याच दरपत्रकात घरगुती पाणी ६ रुपये ३६ पैसे, तर व्यावसायिक पाणी ४७ रुपये ७५ पैसे आहे, साडेसात पट. घरांना पाणी स्वस्त पडते त्यात हॉटेले, मॉल आणि कचेऱ्या यांचा मोठा वाटा आहे.

एखादे संकुल शौचालये आणि वातानुकूलन यंत्रणा यांसाठी प्रक्रिया केलेले पाणी वापरू लागले आणि त्याची गरज रोज एक लाख लिटरने घटली, तर खात्याचे दिवसाला ४,७७५ रुपये जातात. वाचलेले एक लाख लिटर घरांना विकले तर हाती येतात ६३६. मागणी कितीही असो, ही तूट भरून निघत नाही. शिवाय मलनिःसारण आकार पाणी आकाराच्या टक्केवारीत असल्यामुळे तोही त्याच मापाने खाली येतो, मलवाहिन्यांचा आणि सांडपाणी उपसणाऱ्या उदंचन केंद्रांचा खर्च मात्र जागचा हलत नाही. आम्हाला ही यंत्रणा बसवायला पालिकेचेच नियम सांगतात. गंमत अशी की, पुनर्वापर यशस्वी झाला की एक हात टाळी वाजवतो आणि दुसरा हात वही मिटतो.

म्हणून सचिवांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, घरांनी वाचवलेल्या पाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. जे मोठे ग्राहक साडेसात पट दर देतात ते हळूहळू पुनर्वापराकडे, बोअरवेलकडे आणि टँकरकडे वळले तर मात्र घरगुती दर आज आहे तेथे राहणार नाही.

जमाखर्च

सांडपाणीवाली यांनी माझी चूक नेमकी पकडली, मान्य आहे. त्याला एक जोड देतो. पाणी कोठून आले यावरही वाचलेल्या लिटरची किंमत बदलते. तानसा आणि मोडक सागर यांचे पाणी बव्हंशी उतारानेच शहराकडे येते. ते वाचल्याने विजेचे बिल फारसे हलत नाही. भातसाचे पाणी मात्र पिसे येथे पंपांनी उचलून शुद्धीकरणासाठी पांजरापूरला न्यावे लागते आणि ते धरण राज्य सरकारचे असल्यामुळे कच्च्या पाण्याचे पैसेही मोजावे लागतात. एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा एकट्या भातसाचा आहे. मागणी खरोखरच पुरवठ्याच्या खाली उतरली असती तर पहिला हात तेथे आखडता घेता आला असता. पण ती वेळ आपल्या हयातीत येईल असे वाटत नाही.

दरवाढीविषयी. २०१२ च्या धोरणानुसार प्रशासनाला दरवर्षी जास्तीत जास्त आठ टक्के वाढ करता येते. २०२२ मध्ये ७.१२ टक्के झाली, २०२३ ची रोखली गेली. दर रोखला म्हणून खर्च थांबत नाही. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचा अर्थसंकल्प स्वतंत्र असतो आणि त्यातील तूट कोठून तरी भरावीच लागते. माझे मत विचाराल तर बिलाचे दोन भाग असावेत: जोडणीच्या व्यासावर ठरावीक आकार, ज्यातून वाहिन्या आणि पगार निघतील, आणि त्यावर वापराचा दर. व्यावसायिक जोडणीला हे आधी लावावे, म्हणजे एखाद्या मॉलने पुनर्वापर केला तरी वाहिनी दारात असल्याचे मोल तो देत राहील.

भायखळ्याची चाळ

मॉलला खुशाल लावा. चाळीला लावाल तर दोन हंडे भरणारी म्हातारी आणि बाथटब भरणारा यांच्या बिलातील अंतर आणखी कमी होईल, एवढे लक्षात असू द्या. ठरावीक आकार जितका मोठा, तितका वाचवणाऱ्याचा फायदा लहान.

जमाखर्च

हे खरे आहे आणि म्हणूनच तो आकार लहान जोडणीला नाममात्र हवा. मात्र एक गोष्ट आपण सर्वांनी ध्यानात घ्यावी की, टप्पेवार दर मुंबईत आजही आहेत. दरडोई दिवसाला १५० लिटरपर्यंत मूळ दर आणि त्यापुढे दुप्पट, तिप्पट, चौपट अशी चढण आहे. ती कोणाला टोचत नाही, कारण सोसायटीला मापक एकच असतो आणि बिल मेंटेनन्समध्ये विरघळते. साताऱ्यातील मलकापूरने घरोघर मापक, टप्पेवार दर आणि चोवीस तास पाणी ही तिन्ही कामे एकत्र करून दाखवली. गाव लहान होते हे खरे, पण तेथे ज्याचा नळ त्याचेच बिल होते.

मुलुंडचा सचिव

जुन्या इमारतीत प्रत्येक सदनिकेला चार-चार ठिकाणांहून उभ्या वाहिन्या येतात, त्यामुळे घरटी मापक बसवायचे तर चाळीस घरांना दीडशेच्या वर मापक लागतील. तो विषय आमच्याकडे पुढील पुनर्विकासापर्यंत निघणार नाही. पण एक करता येईल असे वाटते. मेंटेनन्सच्या पावतीवर आजवर ‘पाणी व इतर’ अशी एकच ओळ असते. पुढील महिन्यापासून मी ती फोडून पालिकेचे पाणी, मलनिःसारण आकार, पंपाची वीज आणि टँकर अशा चार ओळी छापणार आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही घेतलेल्या टँकरांचा खर्च त्या महिन्याच्या पालिकेच्या बिलापेक्षा अधिक होता, हे काल फाईल चाळताना मलाच प्रथम दिसले. निवृत्त बँकवाल्या सभासदांना ती पावती आधी दाखवतो आणि ते काय म्हणतात ते येथे कळवतो.