प्रति: खुब्याच्या एव्हीएनवर गोळ्यांनी भागतं का?

ताई, एव्हीएन म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरणं. तुमच्या भावाची दुसरी स्टेज आहे, खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा अजून खचलेला नाही, म्हणजे औषधाला हीच वेळ.

माझ्या नवऱ्याला कोविडमधल्या स्टेरॉइडनंतर हेच झालं. गणेश चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर पाय उचलेना. डॉक्टरांनी अ‍ॅलेंड्रोनेट ही हाडांची गोळी दिली, आठवड्याला ७० मिलिग्रॅमची एक. रविवारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. चहासुद्धा नंतरच.

मेलेलं हाड यानं जिवंत होत नाही. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर बसतो, एवढंच. तैवानमध्ये २००५ च्या चाचणीत फायदा दिसला, २०१२ च्या चाचणीत दिसला नाही, त्यामुळे खात्री कुणीच देणार नाही. आणि दात काढायचा असेल तर गोळी सुरू करण्याआधीच काढून घ्या, नंतर जबड्याचं हाड भरत नाही असं क्वचित होतं.